कुदळीला लागलेली मूर्ती

वर्ध्याहून नागपूरच्या रस्त्याला लागलात की आठ-नऊ किलोमीटरवर पवनार येतं. तिथे धाम नदीच्या काठी जमनालाल बजाज यांचा बंगला होता. तब्येत पार ढासळलेले विनोबा १९३८ साली तिथे राहायला आले. धाम ओलांडल्यावर लागतं, म्हणून त्या जागेचं नाव त्यांनी ठेवलं परमधाम!

औषध काय घेतलं? रोज कुदळ घेऊन बागेत खणायचं! खणता खणता जुन्या दगडी मूर्ती निघू लागल्या. त्यांत एक निघाली राम-भरत भेटीची. आता गंमत ऐका. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर बोलताना, या भेटीचं चित्र कुणी काढलं तर किती छान होईल, असं विनोबा म्हणाले होते. आणि इथे ते वाकाटक राजांच्या काळापासून, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षं, मातीखाली तयारच होतं!

मूर्ती आश्रमातच आहेत, सावकाश बघा. १९५९ पासून इथे ब्रह्मविद्या मंदिराच्या भगिनी राहतात, शेतात स्वतः राबतात. त्यांच्या वाफ्यांत पाय मात्र घालू नका हं!

मग खाली नदीवर जा. पात्रातल्या खडकावर गांधीजींची छत्री दिसेल. १९४८ साली त्यांच्या अस्थी इथेही विसर्जित केल्या होत्या. पावसाळ्यात गेलात, तर ती काठावरूनच बघा.