विषारी वायूंची चाहूल देणारी ऑक्साइडे

पेडणे तालुक्यात शापोरा नदीच्या काठी असलेल्या हळर्णच्या किल्ल्याचे बांधकाम चिऱ्यांचे आहे. या चिऱ्यांना आणि डिचोलीच्या खाणींतील मातीला जो तांबूस रंग दिसतो, तो लोहाच्या ऑक्साइडामुळे. लोह, जस्त, कथिल, तांबे आदी धातूंची अशी ऑक्साइडे अतिसूक्ष्म कणांच्या रूपात तयार केली असता हवेतील विषारी वायूंची चाहूल देऊ शकतात, ही गोष्ट मात्र सर्वसामान्यांना फारशी परिचित नाही.

अशा उपकरणांची गरज केवळ कारखान्यांपुरती नाही. १९ जानेवारी २०१८ रोजी मुरगाव तालुक्यात चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला, तेव्हा परिसरातील रहिवाशांना घरे सोडावी लागली होती. खेड्यापाड्यांतील धोका याहून अदृश्य आहे. भुयारी गटारे नसलेल्या गावांत सेप्टिक टाक्या असतात व मैला कुजून होणारा हायड्रोजन सल्फाइड वायू त्यांत साचतो. सडक्या अंड्यांसारख्या दुर्गंधीवरून तो ओळखता येतो हा समज अर्धाच खरा आहे. हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे प्रमाण सुमारे शंभर भागांपर्यंत गेले, की थोड्याच वेळात घ्राणशक्ती बधिर होते. वास गेला म्हणजे वायू गेला, अशा समजुतीने टाकीत उतरणारा मृत्यूच्या तोंडी जातो आणि त्याला वाचविण्यास मागोमाग उतरणाराही पुष्कळदा परत येत नाही. नाकच असे फितूर होते, म्हणून यंत्र हवे.

या संशोधनाचा पाया जपानमध्ये घातला गेला. १९६२ साली क्यूशू विद्यापीठातील सेयामा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जस्ताच्या ऑक्साइडाचा पातळ थर वायू ओळखतो हे दाखविले. त्याच सुमारास तागुची यांनी कथिलाच्या ऑक्साइडाचा संवेदक सिद्ध केला. स्वयंपाकाच्या गॅसची गळती ओळखण्यासाठी तो पुढे घराघरांत पोहोचला.

त्याचे कार्य समजण्यास कठीण नाही. तापविलेल्या ऑक्साइडाच्या पृष्ठभागावर हवेतील प्राणवायू चिकटतो व तेथील इलेक्ट्रॉन पकडून ठेवतो; त्यामुळे वीज वाहण्यास अडथळा होतो. हायड्रोजन सल्फाइडसारखा वायू आला की त्याचा या प्राणवायूशी संयोग होतो, इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि रोध एकदम घटतो. हा बदल मोजला की वायूचे प्रमाण कळते. सारा व्यवहार पृष्ठभागावर चालत असल्याने कण जितके लहान, तितकी संवेदनक्षमता अधिक. कथिलाच्या ऑक्साइडाचे कण सुमारे सहा नॅनोमीटरहून लहान झाले, की ती झपाट्याने वाढते. (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा एक अब्जांश भाग होय.)

या क्षेत्रात खानदेशातील अमळनेरच्या प्रताप महाविद्यालयाचे कार्य उल्लेखनीय आहे. तेथील प्रा. एल. ए. पाटील व डी. आर. पाटील यांनी कथिलाच्या ऑक्साइडाच्या थराला तांब्याच्या ऑक्साइडाची जोड देऊन, न तापविताही हायड्रोजन सल्फाइडचे अल्प प्रमाण ओळखणारा संवेदक तयार केल्याचे २००६ साली प्रसिद्ध केले. वायूच्या स्पर्शाने तांब्याच्या ऑक्साइडाचे सल्फाइड बनते व ते विजेचे सुवाहक असते. शुद्ध हवेत त्याचे पुन्हा ऑक्साइड होते. तालुक्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयात असे काम व्हावे, हे विशेष होय.

तथापि या संवेदकांना मर्यादा आहेत. हवेतील बाष्पही त्यांच्या पृष्ठभागावर बसते. गोव्याच्या पावसाळ्यात त्यामुळे मोजमापात फरक पडू शकतो, म्हणून ठरावीक मुदतीने त्यांची प्रमाणित वायूवर तपासणी करावी लागते. एका वायूऐवजी दुसऱ्यालाच प्रतिसाद मिळण्याचाही संभव असतो. शिवाय हायड्रोजन सल्फाइड हवेहून जड असल्याने तो तळाशी साचतो. तोंडाशी धरलेले उपकरण निर्धोक म्हणाले तरी ते दोरीने खालपर्यंत सोडून पाहिले पाहिजे. उपकरणाने निर्वाळा दिला तरी संरक्षक साधनांविना माणसाला टाकीत उतरविणे २०१३ च्या कायद्याने निषिद्धच आहे. जुन्या विहिरींची गोष्ट आणखी निराळी. तेथे विषारी वायू नसून प्राणवायूच अपुरा असू शकतो. ही उणीव हा संवेदक भरवशाने दाखवीत नाही. त्यासाठी प्राणवायूमापक वेगळा लागतो.