रुबेला आत्ताचा की जुना? आयजीजीची ‘पकड’ मोजून कसं ओळखतात

एक रिपोर्ट डोळ्यांसमोर आणा. बाई दहा आठवड्यांची गरोदर. ताप नाही, पुरळ नाही. ‘टॉर्च’ तपासणीत रुबेलाचा आयजीएम पॉझिटिव्ह आलाय आणि आयजीजीही पॉझिटिव्ह. घरात एकच विषय : गर्भ ठेवायचा की नाही?

भीती उगाच नाही. 1941 साली सिडनीचे नेत्रतज्ज्ञ नॉर्मन ग्रेग यांनी बाळांमधल्या जन्मजात मोतीबिंदूचा संबंध आईला गरोदरपणाच्या सुरुवातीला झालेल्या रुबेलाशी जोडला. आज आपल्याला माहीत आहे की या काळात संसर्ग झाला तर विषाणू बाळापर्यंत पोचण्याची शक्यता 90 टक्क्यांपर्यंत जाते, आणि डोळे, कान, हृदय यांवर परिणाम होतो. पण हाच संसर्ग दोन वर्षांपूर्वी होऊन गेला असेल तर काळजीचं कारण उरत नाही. म्हणजे खरा प्रश्न ‘झाला का?’ हा नाहीच, ‘कधी झाला?’ हा आहे.

आपण पाठ केलेलं असतं की आयजीएम म्हणजे ताजा संसर्ग आणि आयजीजी म्हणजे जुना. परीक्षेपुरतं ठीक आहे. प्रत्यक्षात काही जणांमध्ये आयजीएम कित्येक महिने रेंगाळतो. ऱ्हुमॅटॉइड फॅक्टर, पार्व्होव्हायरस बी19 किंवा एपस्टाइन-बार विषाणूचा संसर्ग यांमुळेही तो खोटा पॉझिटिव्ह येऊ शकतो.

त्यात आकड्यांचा खेळ आहे. समजा, लक्षणं नसलेल्या 1000 गरोदर बायकांची तपासणी केली. त्यांतल्या फक्त दोघींना खरंच नुकताच रुबेला झालाय. चाचणीची स्पेसिफिसिटी 98 टक्के धरली, तर उरलेल्या 998 पैकी साधारण 20 जणी खोट्या पॉझिटिव्ह येतील. एकूण पॉझिटिव्ह 22, खऱ्या फक्त दोन! चाचणी वाईट नाही, आजार दुर्मीळ आहे म्हणून असं होतं. पुरळ नसतानाही रुबेला होऊ शकतो, त्यामुळे रिपोर्ट सरळ फेकूनही देता येत नाही.

इथे ॲव्हिडिटी कामाला येते. संसर्गानंतर सुरुवातीला तयार होणारा आयजीजी विषाणूच्या प्रथिनाला सैलसर धरतो. पुढे लिंफ नोडमध्ये बी पेशींच्या प्रतिपिंड-जनुकांत बदल होत राहतात. ज्यांची पकड चांगली त्या पेशी टिकतात, बाकीच्या मागे पडतात. काही महिन्यांत पकड घट्ट होते. नवा वेल्क्रो आणि जुना वेल्क्रो यांच्या अगदी उलट समजा : इथे जितकं जुनं तितकं चिकट.

ही पकड मोजायची कशी? फिनलंडमध्ये क्लाऊस हेडमन आणि सहकाऱ्यांनी 1988 च्या सुमारास रुबेलासाठी दाखवलेली कल्पना फार साधी आहे. नेहमीचा आयजीजी एलायझा दोन वेलमध्ये लावायचा. सीरम बांधलं गेल्यावर एक वेल साध्या बफरने धुवायची, दुसरी युरिया घातलेल्या बफरने. युरिया सैल पकडीचे प्रतिपिंड सोडवून नेतो, घट्ट पकडीचे तसेच राहतात. मग दुसऱ्या वेलचं ओडी भागिले पहिल्या वेलचं ओडी, गुणिले 100. हा ॲव्हिडिटी इंडेक्स. साध्या वेलमध्ये 1.2 आणि युरियाच्या वेलमध्ये 0.9 आलं, तर इंडेक्स 75 टक्के. कमी इंडेक्स म्हणजे साधारण गेल्या तीन महिन्यांतला पहिला संसर्ग, जास्त म्हणजे त्याआधीचा. मधला पट्टा अनिर्णित. सीमारेषा प्रत्येक किटची वेगळी असते, एका किटचा कटऑफ दुसऱ्याला लावू नका.

आता पुन्हा आपल्या रिपोर्टकडे. दहावा आठवडा पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भधारणा होऊन सुमारे आठ आठवडे झालेत. ॲव्हिडिटी जास्त आली, तर संसर्ग तीन महिन्यांहून जुना, म्हणजे गर्भधारणेच्या आधीचा. घरातला प्रश्नच मिटला.

पण हीच जास्त ॲव्हिडिटी विसाव्या आठवड्यात आली तर? तीन महिने मागे गेलं तरी आपण सातव्या आठवड्यापर्यंतच पोचतो. त्याआधी, पण गरोदरपणातच संसर्ग झालेला असू शकतो. आकडा तोच, अर्थ वेगळा! म्हणून पहिल्या भेटीतलं सीरम लॅबमध्ये जपून ठेवलेलं असेल, तर ते सोन्याच्या मोलाचं. ते आणि नवं सीरम एकाच दिवशी, एकाच प्लेटवर लावून बघता येतं.

प्रयोगशाळेत करणार असाल तर तीन गोष्टी. 6 मोलर युरियासाठी 36 ग्रॅम युरिया विरघळवून एकूण आकारमान 100 मिलि करायचं. विरघळताना द्रावण गार पडतं, ते खोलीच्या तापमानाला आल्यावरच वापरा. प्रत्येक प्लेटवर कमी आणि जास्त ॲव्हिडिटीची माहीत असलेली सीरम ठेवा. आणि आयजीजी मुळातच फार कमी असेल तर इंडेक्स काढू नका, लहान आकड्यांचा भागाकार फसवतो. लस घेतलेल्यांमध्ये ॲव्हिडिटी संथ वाढते, तेव्हा लसीची तारीख विचारायला विसरू नका.

कमी ॲव्हिडिटी एकटीसुद्धा निकाल देत नाही. आयजीएम, ॲव्हिडिटी, दुसरा नमुना आणि गरोदरपणाचे आठवडे एकत्र मांडूनच डॉक्टर सल्ला देतात. आपलं काम एवढंच, की रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ लिहून थांबायचं नाही. ‘कधीचा?’ हे विचारायचं.