विज्ञानकथेतील एकटा माणूस

विज्ञानकथा म्हटली की यंत्रमानव, उडत्या तबकड्या आणि परग्रहावरील लढाया डोळ्यांसमोर येतात. महाविद्यालयात येईपर्यंत माझीही समजूत तशीच होती. परंतु ग्रंथालयातील काही कथा वाचल्यावर ध्यानात आले की, चांगल्या विज्ञानकथेचा खरा विषय यंत्र नसून यंत्राशेजारी बसलेला माणूस हा असतो.

मराठीपुरते बोलायचे तर मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ सालच्या स्पर्धेत 'कृष्णविवर' ह्या कथेला पहिले पारितोषिक मिळाले. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. पुढे कळले की, हे टोपणनाव डॉ. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांचे. प्रचंड गुरुत्वाकर्षणाजवळ काळ मंद चालतो, हे विज्ञानाने सिद्ध झाले आहे. म्हणजे कृष्णविवराजवळ जाऊन परतणारा तरुणच राहील आणि मागे राहिलेली त्याची माणसे म्हातारी झालेली असतील. विज्ञानाच्या एका नियमातच अशी ताटातूट दडलेली असते.

पाश्चात्त्य लेखकांनी ही ताटातूट घराच्या चार भिंतींत आणली. ई. एम. फॉर्स्टर यांची 'द मशीन स्टॉप्स' ही कथा १९०९ सालची. तेव्हा दूरचित्रवाणीही नव्हती. तिच्यात माणसे जमिनीखाली षट्कोनी खोल्यांत एकेकटी राहतात. अन्न, अंथरूण, संगीत सारे बटण दाबताच हजर होते. वाश्ती ही आई आणि तिचा मुलगा कुनो एका तबकडीवर परस्परांना पाहतात. मुलगा म्हणतो, यंत्रातून नको, प्रत्यक्ष भेट. आईला ते नकोसे वाटते. अखेर यंत्र बंद पडते आणि मायलेकरे भेटतात ती मरतेवेळी.

आयझॅक असिमोव्ह यांच्या 'द फन दे हॅड' (१९५१) ह्या कथेतील मार्गीला घरीच यंत्र शिकवते. पूर्वी मुले एकत्र शाळेत जात, हे कळल्यावर तिला त्यांचा हेवा वाटतो. २०२० च्या टाळेबंदीत मी नववीत होतो. घरात एकच फोन, तोही वडील रात्रपाळीहून परतल्यावर मिळे. मार्गीचा एकटेपणा आम्ही तिच्या यंत्रावाचून भोगला.

पण मला सर्वांत अस्वस्थ केले ते रे ब्रॅडबरी यांच्या 'द पेडेस्ट्रियन' (१९५१) ह्या कथेने. साल २०५३. लिओनार्ड मीड रोज रात्री एकटाच पायी फिरतो. बाकीचे शहर दारे लावून पडद्यापुढे बसलेले. तीस लाख वस्तीत उरलेली पोलिसांची एकमेव गाडी त्याला अडवते. गाडीत माणूसच नाही. कशासाठी फिरतोस, ह्याचे त्याचे उत्तर गाडीला पटत नाही आणि ती त्याला मनोरुग्णांच्या संस्थेकडे घेऊन जाते.

माझे वडील जुहूच्या एका उंच इमारतीवर रात्रीचे वॉचमन आहेत. ही कथा मी त्यांना सांगितली. ते म्हणाले, "आरं, ह्ये तर मी रोज रातीला बघतो. वर खिडक्या-खिडक्यांत निळा उजेड, आन् खाली चिटपाखरू नाही. पयलं लोक फाटकापाशी थांबून 'मामा, जेवलात का' म्हणायचे. आता पावणा आला तरी फोनच इचारतो, कोन आलंय." थोडे थांबून म्हणाले, "आन् तू तरी कुठं बोलतोस?"

मी निरुत्तर झालो. वडिलांना वाचता येत नाही. ते कामावर निघण्यापूर्वी मी त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवीत असे. मला फोन मिळाला आणि ते वाचन थांबले. कोणी भांडले नाही, कोणी मनाई केली नाही. नुसते राहून गेले.

माझ्या मते ह्या कथांचा इशारा हाच आहे. यंत्र फेकून द्या, असे त्या सांगत नाहीत. फोनमुळेच गावाकडची आजी मला दर रविवारी दिसते. जे हरवले त्याची आठवणही होईनाशी होते, तेथे खरा धोका आहे. यंत्र मला माणसापर्यंत नेते, की माणसाच्या जागी येऊन बसते, हे ज्याने त्याने तपासावे.

आमच्या घरी वाचन पुन्हा सुरू झाले आहे. हा अंक हाती आला की हा लेख प्रथम वडिलांनाच वाचून दाखवणार आहे.