‘आपल्याले काय ऊन लागते!’

अमरावतीहून पहाटे सायकलने निघायचं, वलगाव आणि आसेगाव मागे टाकत परतवाड्याला चहा घ्यायचा, घटांगचा घाट चढायचा आणि पलीकडे सिपनेच्या खोऱ्यात सेमाडोहला उतरायचं. जाऊन-येऊन अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. दोनशेची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत संपवायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांत पूर्ण करावी लागते, त्यामुळे सरावाला हा रस्ता अगदी मापाचा. हिवाळ्यात तर स्वर्गच. पण पावसाळ्यानंतरच्या लांब राइडची तयारी उन्हाळ्यातच सुरू करायची, या हिशेबाने एप्रिल-मेमध्येही ग्रुप या रस्त्याला लागतात. सोबत दोन बाटल्या, एक दुपट्टा आणि उन्हाविषयीच्या पिढीजात समजुतींचं गाठोडं. त्या समजुतींपैकी काही खऱ्या आहेत, बऱ्याचशा नाहीत.

‘काही नाही होत बे, आपण वऱ्हाडातले’

सगळ्यात पक्का आणि सगळ्यात घातक समज हाच. मे 2024च्या अखेरीस उष्णतेच्या लाटेमुळे अकोल्यात जिल्हाधिकाऱ्यांनी कलम 144 लावलं होतं. अशा मुलखात वाढलेल्या माणसाला उन्हाची सवय असणारच, असं वाटणं साहजिक आहे. पण ही सवय जन्मदाखल्यासोबत मिळत नाही. घरात कूलर, कचेरीत एसी, मधला रस्ता चारचाकीत आणि सायकल फक्त सकाळी सहा ते आठ, असं ज्याचं वेळापत्रक आहे त्याचं शरीर उन्हाच्या बाबतीत पुण्याच्या माणसाइतकंच कोरं असतं.

सवय लागते ती उन्हात श्रम केल्याने. रोज तास-दीड तास हलके श्रम केले की पहिल्या चार-पाच दिवसांतच रक्तातला द्रवभाग वाढतो आणि त्याच वेगाला हृदयाचे ठोके कमी पडू लागतात. मग घाम लवकर सुटू लागतो, जास्त सुटतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. हे सगळं बसायला दहा ते चौदा दिवस लागतात. सराव थांबला की दोन-चार आठवड्यांत बराचसा फायदा ओसरतो. म्हणून सेमाडोहचा बेत असेल तर आधीचे दोन आठवडे निघण्याची वेळ हळूहळू पुढे ढकलायची. सहाऐवजी सात, मग आठ. वेग मात्र गप्पा मारता येतील एवढाच. थेट भर दुपारी निघण्यात कसलंही शौर्य नाही.

या वादात कुणीतरी नागपूरच्या डॉ. अमित समर्थांचं नाव काढतोच. विदर्भाच्या या माणसाने 2017 मध्ये ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ एकट्याने पूर्ण केली, साधारण 4,800 किलोमीटर, तेही वाळवंटं ओलांडून. उदाहरण खरं आहे, पण त्यातून जे सिद्ध करायचं असतं ते होत नाही. त्यामागे अनेक वर्षांचा सराव होता, आणि त्या शर्यतीत स्वाराच्या दिमतीला मदतनीसांचं पथक आणि गाड्या असतात. आपल्या दिमतीला आसेगावची पाणपोई असते.

याच समजाचं एक भावंड आहे: ‘पाणी कमी पिऊन शरीराला सवय लावावी.’ उन्हाची सवय लागते, तहानेची लागत नाही. पाणी तोडून केलेला सराव नुसता वाया जातो.

‘मीटरवर पन्नास दाखवलं!’

हॅण्डलवरच्या मीटरने दाखवलेल्या पन्नास अंशांचा फोटो ग्रुपवर टाकण्यात एक गंमत असते. पण तो आकडा हवेचा नाही, उन्हात तापलेल्या मीटरचा आहे. हवामान खातं तापमान मोजतं ते झडपांच्या पांढऱ्या पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा मीटर उंचीवर. म्हणजे वर्तमानपत्रातले 43 अंश सावलीतले असतात. सायकलस्वाराच्या वाट्याला वरून ऊन आणि खालून डांबराची धग, दोन्ही येतात. मीटर जास्त सांगतो, बातमी कमी.

शिवाय नुसत्या तापमानावरून धोका कळत नाही. वऱ्हाडातला एप्रिल कोरडा असतो. 43 अंश आणि 12 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या कापडाचं, म्हणजे ‘वेट बल्ब’ तापमान 21 अंशांच्या आसपास येतं. कोकणात 34 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर तेच 30 पर्यंत चढतं. घाम वाळून शरीर किती निववू शकेल, हे या दुसऱ्या आकड्यावर ठरतं. म्हणूनच अकोल्याचा कूलर मे महिन्यात खोली गार करतो आणि जुलैत नुसता भिजकट वारा फेकतो. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या महाराष्ट्र भूषण सोहळ्यात उन्हाने 14 माणसं दगावली, तेव्हा त्या भागात पारा 38च्या आसपासच होता. अकोल्यात 38ला कुणी ऊनही म्हणत नाही.

कोरड्या हवेचा फायदा आहे तसा तिचा फसवेपणाही आहे. घाम सुटल्या सुटल्या वाळतो, अंग कोरडं राहतं आणि ‘आज घामच नाही आला’ असं वाटतं. परतवाड्याला टेकल्यावर सोबत्याच्या काळ्या जर्सीची पाठ पाहा. खांद्यापासून कमरेपर्यंत मिठाच्या पांढऱ्या नागमोडी रेघा उमटलेल्या दिसतील. आलेला घाम तिथे लिहिलेला असतो.

‘मेळघाटात सावली असते’

पावसाळ्यानंतर असते. मेळघाट हे पानगळीचं, सागाचं जंगल आहे. उन्हाळ्यात सागाची पानं झाडावर नसतात, खाली पडलेली असतात. दोन्ही बाजूंना उभे नुसते खोड-फांद्यांचे खराटे आणि मधोमध तापलेला रस्ता.

दुसरी गल्लत चिखलदऱ्यामुळे होते. चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर असल्याने अमरावतीपेक्षा चार-पाच अंशांनी थंड असतं. सेमाडोह त्याच तालुक्यात आहे, पण वर नाही. ते खोऱ्यात खाली आहे. थंड हवेच्या ठिकाणाचा लाभ त्याला फारसा मिळत नाही. त्यात रस्त्याची रचना अशी की घटांगहून आपण उतरत सेमाडोहला पोचतो. पोचेपर्यंत मजा येते, नाश्ता होतो, फोटो होतात. मग साडेदहा-अकराला परत निघालं की पहिला घास चढाचाच. सकाळी जो उतार फुकट मिळाला, त्याची किंमत उन्हात चुकवावी लागते. या गावांत मोहाची फुलं वेचणारे कोरकू बायाबापडे उजाडताच रानात जातात आणि ऊन चढायच्या आत टोपली घेऊन परतलेले असतात. वेळापत्रक त्यांच्याकडून घ्यावं.

आणि हा व्याघ्र प्रकल्प आहे, 1973-74 मधल्या देशातल्या पहिल्या नऊ प्रकल्पांपैकी एक. उन्हाळ्यात पाणी आटलं की जनावरं उरलेल्या डोहांपाशी येतात, म्हणून टोपी भिजवायला नाल्यात उतरू नये. अंधारात सायकल तर मुळीच नको. निघण्याआधी वनविभागाकडे वाहतुकीच्या वेळा विचारून घ्याव्यात.

‘चारला निघू, ऊन उतरेल’

सेमाडोहला दुपार काढून चारला निघण्याचा बेत कागदावर शहाणपणाचा दिसतो. सूर्य डोक्यावर असतो बाराच्या सुमाराला, पण हवेचं तापमान शिगेला पोचतं तीन-चारच्या दरम्यान, कारण जमीन तापून ती धग हवेला द्यायला वेळ लागतो. चारला ऊन तिरपं झालेलं असतं, हवा नाही. दिवसभर तापलेलं डांबर तर दिवेलागणीनंतरही धगधगत असतं. आणि चारला निघालं की घाटातच अंधार पडायची भीती, म्हणून वेग वाढवला जातो.

याला दोनच सरळ उत्तरं आहेत. एक तर सेमाडोहला मुक्काम करून दुसऱ्या दिवशी पहाटे परतायचं, नाहीतर येताना सायकली गाडीत टाकायच्या. दोन्हीत ‘दोनशे पूर्ण केले’ असं म्हणता येत नाही, एवढाच तोटा.

‘ग्रुपमध्ये गेलं की सोपं जातं’

सपाटीवर जातं. पुढच्याच्या मागे चिकटून चालवलं की हवेचा अडथळा कमी होतो आणि वलगाव-परतवाडा पट्ट्यात पायांचे श्रम चांगलेच वाचतात. पण जो वारा अडतो, तोच घाम वाळवणारा असतो. सपाटीवर हा सौदा तरीही फायद्याचा, कारण श्रम घटले की आतली उष्णताही घटते. पायडल मारताना खर्च होणाऱ्या ऊर्जेपैकी जेमतेम पाव भाग चाकाला मिळतो, बाकीची अंगातच उष्णता होऊन राहते.

चढावर गणित उलटतं. ताशी आठ-दहा किलोमीटर वेगाला मागे राहून काही वाचत नाही आणि वाराही लागत नाही. तिथे टोळीने चढणं म्हणजे दमदार गड्याच्या वेगाला बाकीच्यांनी आपलं हृदय बांधून देणं. माझ्या मते उन्हातल्या ग्रुप राइडचा खरा धोका हाच आहे, पारा नव्हे. घाटात प्रत्येकाने आपापल्या श्वासाने चढावं, वर घटांगला सगळ्यांनी जमावं आणि सगळ्यात शेवटी एक अनुभवी माणूस ठेवावा, ज्याला मागे राहण्याची लाज वाटत नाही. उतारावर अंतर आणखी वाढवावं. सप्टेंबर 2024 मध्ये सेमाडोहजवळ एक खासगी बस पुलावरून कोसळून जीव गेले. वळणांचा हा रस्ता बसलाही माफ करत नाही.

पाठीवरच्या वाऱ्याचंही तसंच. उन्हाळी दुपारी वारा बहुधा पश्चिमेकडून, वायव्येकडून येतो, म्हणजे परतवाड्याहून अमरावतीकडे येताना पाठीशी. वेग पंचवीसचा आणि मागचा वारा वीसचा असेल तर अंगाला लागतो फक्त पाचचा. आपण भन्नाट चाललोय असं वाटत असतानाच अंग सर्वांत कमी निवत असतं.

‘पाणी जेवढं जास्त तेवढं चांगलं’

उन्हात श्रम करणाऱ्याचा घाम तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत कितीही असू शकतो. त्यामुळे ‘तासाला एक बाटली’ हा नियम एकाला कमी पडतो, दुसऱ्याला जास्त होतो. आपला आकडा काढायला घरचा वजनकाटा पुरतो. समजा, निघताना वजन 70 किलो, तीन तासांत दोन लिटर पाणी प्यायलात आणि परतल्यावर वजन 68.6 भरलं. घटलेले 1.4 आणि प्यायलेले 2 मिळून घाम झाला 3.4 लिटर, म्हणजे तासाला एक लिटरहून थोडा अधिक. वजनातली घट दोन टक्क्यांच्या आत राहिली तर ठीक. परतल्यावर वजन वाढलेलं भरलं तर मात्र सावध व्हा, पाणी जास्त झालंय.

नुसतं साधं पाणी ढोसत राहिल्याने रक्तातलं सोडियम घसरतं. 2002च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या 488 धावपटूंपैकी 13 टक्क्यांमध्ये ते घसरलेलं आढळलं होतं. डोकं दुखणं, मळमळ, भ्रम ही लक्षणं ऊन लागल्यासारखीच असल्याने सोबती आणखी पाणी पाजतात आणि प्रकरण बिघडतं.

घामाच्या लिटरमागे साधारण एक ग्रॅम सोडियम जातं. मीठ घातलेलं ताक, कैरीचं पन्हं, लिंबू-मीठ-साखर हे आपल्याकडचे उपाय उत्तम आहेत. ‘ओआरएस’ घ्यायचं तर मेडिकलमधून पावडरची पुडी घ्या, एका लिटरमागे 2.6 ग्रॅम मीठ आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असलेली, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची. नावात ‘ओआरएस’ मिरवणारी गोड खोकी त्या सूत्राची नसत. ऑक्टोबर 2025 मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांना ते नाव वापरायला मनाई केली.

‘उन्हातून आल्यावर गार पाणी पिऊ नये’

प्यावं. श्रमात गार पाण्याने शरीराचं तापमान थोडं खालीच येतं. बाटलीवर ओला मोजा चढवला की वाऱ्याने पाणी गार राहतं. ट्रकच्या पुढे टांगलेली छागल याच न्यायाने चालते. ऊन लागू नये म्हणून ठेवलेला कांदा मात्र खिशात काहीही करत नाही. जेवणात खाल्ला तर बरा लागतो.

‘उन्हाने टायर फुटतं, हवा कमी भरा’ हेही असंच. 25 अंशाला 90 पीएसआय भरलेलं टायर 55 अंशाला साधारण 100 पीएसआयवर जातं. टायरच्या बाजूवर लिहिलेल्या मर्यादेत हे बसतंय ना, एवढं पाहावं. हवा कमी ठेवली तर खड्ड्यात रिमखाली ट्यूब चिमटून पंक्चर होते, आणि ते जास्त वेळा होतं.

‘घाम येतोय ना, मग उष्माघात नाही’

घाम थांबून कातडी कोरडी पडते, हे वर्णन घरात बसून ऊन लागलेल्या म्हाताऱ्या माणसाचं. श्रमाने होणाऱ्या उष्माघातात माणूस घामाने निथळत असू शकतो. खूण पाहायची ती वागण्याची: असंबद्ध बोलणं, उगाच चिडणं, सरळ रस्त्यावर सायकल भेलकांडणं, आपण कुठे आहोत हे न सुचणं. आतलं तापमान 40च्या वर गेलेलं असतं आणि तापाची गोळी इथे उपयोगाची नाही, कारण हा ताप नव्हे. अंगदुखीच्या गोळ्या तर पाणी कमी पडलेल्या मूत्रपिंडाला इजा करतात.

हातात अर्धा तास असतो. सावलीत घ्या, हेल्मेट-जर्सी काढा, सगळ्यांच्या बाटल्या अंगावर ओता आणि दुपट्ट्याने वारा घालत राहा. हातपंप किंवा टाकी जवळ असेल तर सरळ पाण्याखाली बसवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. एकाने 108ला फोन लावायचा. जंगलात रेंज भरवशाची नसल्याने दुसऱ्याने येणारी गाडी थांबवायची. पण गाडी आली म्हणून पाणी ओतणं थांबवायचं नाही. अर्ध्या तासात माणूस उठून बसला, हसला, ‘चला’ म्हणाला, तरी त्याला सायकलवर बसवू नका; दवाखान्यातच न्या. यकृत आणि मूत्रपिंडाला झालेली इजा पुढच्या एक-दोन दिवसांत रक्ततपासणीत दिसते. पुन्हा उन्हात सायकल केव्हा काढायची, ते डॉक्टर ठरवतील.