प्रथिन बरोबर, पत्ता चुकीचा: मुतखड्यामागचे एक दुर्मीळ कारण

मुतखडा झाला की आपण आधी पाण्याला दोष देतो, मग टोमॅटो-पालकाला. पण पाच-सहा वर्षांच्या मुलाला खडा झाला, किंवा काढूनही तो पुन्हा पुन्हा होत राहिला, तर कारण ताटात नसून यकृताच्या पेशीत असू शकते. ते समजून घेण्यासाठी आधी पेशीतली प्रथिने आपापल्या जागी कशी पोहोचतात ते पाहू.

प्रथिनांना जागा कशी सापडते?

पेशीत हजारो प्रकारची प्रथिने तयार होतात आणि प्रत्येकाचे कामाचे ठिकाण वेगळे असते. काहींना केंद्रकात जायचे असते, काहींना मायटोकॉन्ड्रियात, तर इन्सुलिनसारख्यांना पेशीबाहेर रक्तात. हा पत्ता प्रथिनाच्या साखळीतच, अमिनो आम्लांच्या एका छोट्या तुकड्यात असतो. पेशीतली वाहक प्रथिने तो ओळखतात आणि त्याला योग्य कप्प्यापर्यंत नेतात. प्रथिनांमध्येच असे पत्ते असतात, या शोधासाठी गुंटर ब्लोबेल यांना १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

पत्ता चुकला तर?

यकृताच्या पेशीत पेरॉक्सिसोम नावाचे छोटे कप्पे असतात. तिथे एजीटी हे एन्झाइम ग्लायॉक्सिलेट या पदार्थाचे निरुपद्रवी ग्लायसिनमध्ये रूपांतर करते. एजीटीच्या जनुकात काही ठरावीक बदल एकत्र आले, की बरेचसे एन्झाइम पेरॉक्सिसोमऐवजी मायटोकॉन्ड्रियात जाते. ते काम करू शकते, पण काम जिथे आहे तिथे ते नसते! मग ग्लायॉक्सिलेटचे ऑक्झलेट बनते, ते मूत्रपिंडात कॅल्शियमशी मिळून खडे तयार होतात आणि पुढे मूत्रपिंड निकामी होऊ शकते.

या आजाराला प्रायमरी हायपरऑक्झॅल्युरिया प्रकार १ म्हणतात. सर्वच रुग्णांत पत्ता चुकलेला नसतो. काहींत एन्झाइम तयारच होत नाही किंवा काम करत नाही. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच आजार होतो. म्हणून मामाच्या किंवा आत्याच्या मुलाशी-मुलीशी लग्न होणाऱ्या कुटुंबांत त्याची शक्यता वाढते.

डॉक्टरांना कधी विचारावे?

• लहान वयात मुतखडा झाला असेल
• खडे वारंवार किंवा दोन्ही मूत्रपिंडांत होत असतील
• घरात भावंडांपैकी कुणाचे मूत्रपिंड निकामी झाले असेल

काढलेला खडा फेकू नका, तो तपासायला द्या. लघवीतील ऑक्झलेटची तपासणी आणि गरज पडल्यास जनुकीय चाचणी करून निदान होते.

उपचार काय?

भरपूर पाणी हा पाया आहेच. पत्ता चुकण्याच्या प्रकारात ब-६ जीवनसत्त्वाने अनेकदा ऑक्झलेट कमी होते, कारण त्यामुळे एन्झाइमला योग्य कप्प्यात पोहोचायला मदत होते. मात्र ते मनाने सुरू करू नका. जास्त मात्रा दीर्घकाळ घेतल्यास नसांना इजा होते. यकृतात ऑक्झलेट कमी बनावे यासाठी लुमासिरान हे इंजेक्शन २०२० पासून उपलब्ध झाले आहे. काही रुग्णांना यकृत प्रत्यारोपण करावे लागते.

हा आजार दुर्मीळ आहे, त्यामुळे प्रत्येक मुतखड्याला घाबरू नका. पण मुलाच्या खड्याला 'पाणी कमी पितो' एवढ्यावर सोडूही नका. निदान वेळेत झाले, तर त्याचे मूत्रपिंड वाचू शकते.