विचारणारे पाहुणे

आर्णी तालुक्यातल्या दाभडी गावात २० मार्च २०१४ रोजी चहा झाला. यवतमाळ जिल्ह्यात इतका गाजलेला चहा दुसरा नसेल. लोकसभेची निवडणूक तोंडावर आली होती आणि भाजपचे पंतप्रधानपदाचे उमेदवार नरेंद्र मोदी ‘चाय पे चर्चा’साठी गावात आले होते. कापसाचा भाव, कर्ज, हमीभाव असे प्रश्न निघाले, उत्तरं मिळाली. लागवडीच्या खर्चावर पन्नास टक्के नफा, हा त्या निवडणुकीतला मोठा शब्द होता. पाहुणे गेले, निवडणूक झाली, सरकार आलं. मग दुसरे पाहुणे येऊ लागले. दाभडीला काय मिळालं, हे विचारायला दरेक वर्धापनदिनाला, दरेक निवडणुकीला पत्रकार यायचे. गावाने एकदा प्रश्न विचारले आणि त्यानंतर वर्षानुवर्षं उत्तरं देण्याचं काम गावाच्याच गळ्यात पडलं.

निवांत मुलाखतीची बैठक आता जगभर ओळखीची झाली आहे. पबमधलं कोपऱ्यातलं टेबल, मुरलेला मुलाखतकार, समोर कधी गायक, कधी खेळाडू, कधी निवृत्त न्यायाधीश, आणि मधे दोन ग्लास. हातात कागद नाही, घड्याळाकडे लक्ष नाही. ग्लास अर्धा होईस्तोवर पाहुणा छापील उत्तरं देतो, त्यानंतर खरं बोलायला लागतो. या प्रकारातलं मर्म दारूत कमी आणि बरोबरीत जास्त आहे. शिकागोचे स्टड्स टर्केल १९५२ ते १९९७ अशी पंचेचाळीस वर्षं रेडिओवर माणसांना बोलतं करत होते. त्यांना टेपरेकॉर्डर नीट चालवता येत नसे. ते बटणं चाचपत बसले की समोरचा उठून मदत करी, आणि या बड्या माणसाला जे येत नाही ते आपल्याला येतं, हे कळल्यावर त्याचा संकोच गळून पडे. त्यांच्या १९७४ च्या ‘वर्किंग’मध्ये हॉटेलात वाढणारी बाई आहे आणि कबरी खोदणारा माणूसही आहे. दोघंही तासन्‌तास बोलले आहेत आणि त्या बोलण्याने त्यांचं काही बिघडलं नाही.

मराठीत ही बैठक चहावर आणि सतरंजीवर जमली. जयवंत दळवींनी साहित्यिकांशी मारलेल्या गप्पांचं पुस्तक झालं. सुधीर गाडगीळांनी तर प्रकट मुलाखत हा तिकीट काढून बघण्याचा कार्यक्रम करून टाकला, आणि गावोगावच्या व्याख्यानमालांना वर्षातलं एक पुष्प त्यासाठी राखून ठेवायची सवय लागली. दिवाळी अंक तर मुलाखतीशिवाय छापखान्यात जातच नाही. या सगळ्यात पाहुणा तो, ज्याला प्रश्न विचारायचे. त्याला खुर्ची द्यायची, शाल द्यायची, त्याच्या सोयीने वेळ ठरवायची, नको असेल तो प्रश्न गाळायचा.

यवतमाळात गेली वीस वर्षं हे उलटं चाललं आहे. विचारणारा पाहुणा असतो आणि उत्तर देणारा घरचा. खाट त्याने टाकायची, पाणी त्याने द्यायचं, चहाला दूध नसेल तर शेजारून आणायचं आणि वर आपल्या दुःखाची तारीखवार हकिकतही सांगायची.

पबची गोष्ट निघालीच आहे तर इथल्या दारूचा नकाशाही पाहू. शेजारच्या वर्धा जिल्ह्यात १९७४ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यात ती १ एप्रिल २०१५ ला लागू झाली आणि २०२१ मध्ये उठली. यवतमाळ या दोघांच्या सीमेवर. त्यामुळे बंदीच्या काळात वर्धा नदीच्या अलीकडे, वणीच्या बाजूला, पलीकडची तहान भागायची. खुद्द यवतमाळातल्या बायकांनी ‘स्वामिनी’ अभियानातून जिल्हा दारूमुक्त करा म्हणून मोर्चे काढले, निवेदनं दिली. बारमधल्या टेबलाला गप्पांचा अड्डा म्हणणं पुण्या-मुंबईत शोभतं. इथे त्या टेबलावरून घरी येणाऱ्या माणसाची वाट पाहणारी बाई हे त्या टेबलाचंच दुसरं टोक आहे.

आणि त्याहून वाईट म्हणजे इथे ग्लास हा एका प्रश्नाचा भाग होऊन बसला आहे. शेतकऱ्याने आत्महत्या केली की चौकशी होते. तलाठी येतो, पोलिसांचा पंचनामा होतो, कागद तहसीलमधून जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीपुढे जातात आणि तिथे प्रकरण ‘पात्र’ की ‘अपात्र’ ते ठरतं. पात्र ठरलं तर एक लाख रुपये. त्यातले तीस हजार हाती, सत्तर हजार ठेवीत. सातबारा कोणाच्या नावावर? कर्ज बँकेचं, सोसायटीचं की सावकाराचं? सावकार परवानाधारक होता का? वसुलीचा तगादा होता का? आणि मग केव्हा तरी हळूच, खाटेवरून पुढे झुकत: पीत होता का?

या प्रश्नाला खरं उत्तर देणं परवडत नाही. ‘होय, कधीमधी घ्यायचा’ असं म्हटलं की आत्महत्या शेतीमुळे झाली नाही, व्यसनाने झाली, असा शेरा मारायला जागा मिळते. म्हणून घर गप्प राहतं, नाहीतर साफ नाही म्हणतं. पबमध्ये जीभ सैल करणारी तीच वस्तू इथे नुसत्या उल्लेखाने जीभ टाळूला चिकटवते. मुंबई उच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून टाटा समाजविज्ञान संस्थेने २००५ मध्ये या आत्महत्यांवर अहवाल दिला. पुढच्याच वर्षी इंदिरा गांधी विकास संशोधन संस्थेच्या श्रीजित मिश्रांचा अहवाल आला. दोन्हींचा पाया घरच्यांशी झालेलं बोलणं हाच. मिश्रांनी कर्ज, घसरलेली पत, घरातली भांडणं, आजार, व्यसन अशी कारणं नोंदवली आणि ती एकमेकांत गुंतलेली असतात हेही सांगून ठेवलं. माणूस पितो म्हणून कर्ज होतं, की कर्ज झालं म्हणून पितो, हा गुंता तासाभराच्या गप्पांत कदाचित सुटला असता. शासकीय नमुन्यातल्या चौकटीत तो मावत नाही.

२००६ हे तर विचारण्याचंच वर्ष होतं. पश्चिम विदर्भातल्या सहा जिल्ह्यांत सरकारने सुमारे १७ लाख शेतकरी कुटुंबांचं घरोघर सर्वेक्षण केलं. घरात लग्नाची मुलगी आहे का, आजारी माणूस आहे का, कर्ज किती, नापिकी किती. त्याच वर्षी १ जुलैला पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी याच सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यानंतर टीव्हीवाल्यांच्या गाड्यांची रीघ लागली आणि ‘बाईट’ हा शब्द केळापूर-मारेगावच्या पोराटोरांच्या तोंडी बसला. पी. साईनाथांसारखे मुरलेले पत्रकार पुन्हा पुन्हा त्याच घरी जात, वर्षादोन वर्षांनी पोरांच्या शिक्षणाची चौकशी करत. बहुतेक जण एकदाच येत. मला विचाराल तर चांगला मुलाखतकार ओळखायची हीच खूण पुरेशी आहे: तो दुसऱ्यांदा आला का?

मारेगाव तालुक्यातल्या जळका गावच्या कलावतीबाई बांदूरकरांकडे पाहुणे दोन्ही तऱ्हांचे आले. नवरा २००५ मध्ये गेला, पदरी नऊ लेकरं. २००८ मध्ये राहुल गांधी त्यांच्या घरी गेले, बसले, बोलले आणि २२ जुलैला अणुकराराच्या विश्वासदर्शक ठरावावर बोलताना लोकसभेत त्यांनी कलावतीबाईंचं नाव घेतलं. झोपडीतलं बोलणं देशाच्या ऊर्जेच्या प्रश्नाचा दाखला झालं. पंधरा वर्षांनी, ९ ऑगस्ट २०२३ रोजी, अविश्वास ठरावाच्या चर्चेत अमित शहांनी तेच नाव घेतलं आणि त्यांना घर, वीज, धान्य मोदी सरकारने दिलं असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी पत्रकार पुन्हा जळक्याला. कलावतीबाईंनी स्वच्छ सांगितलं की मदत राहुल गांधींमुळे मिळाली. एका बाईच्या घरच्या गप्पांवर संसदेत दोनदा वाद झाला आणि दोन्ही वेळा ती तिथे नव्हती. फरक इतकाच की दुसऱ्या वेळी तिला ते बोलणं खोडून काढता आलं.

२०१७ च्या पावसाळ्याअखेर फवारणीच्या विषबाधेने जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. यवतमाळच्या वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या खाटांजवळ माइक पोचले. तोंडाला फडकं बांधलं होतं का, वारा कोणत्या बाजूचा होता, डबा कोणत्या कंपनीचा? विषबाधा झालेल्यांपैकी काहींचं प्रकरण पुढे स्वित्झर्लंडमधल्या बाझलच्या न्यायालयापर्यंत गेलं.

एवढं वाचून कोणी म्हणेल, या जिल्ह्याला मोकळं बोलताच येत नाही. तसं मुळीच नाही. भाऊसाहेब पाटणकर यवतमाळचेच. वासुदेव वामन पाटणकर, जन्म १९०८. वकिली हा धंदा, वाघाची शिकार हा षोक आणि मराठीत शायरी हे वेड. उर्दूचा बाज त्यांनी नुसता उसना घेतला नाही. सभेतल्या माणसांना ‘दोस्तहो’ म्हणून हाक मारत त्यांच्याशी थेट बोलण्याची ती रीत त्यांनी मराठीत रुजवली. तेच त्यांच्या एका पुस्तकाचं नाव झालं. ‘मराठी शायरी’, ‘मराठी मुशायरा’, ‘जिंदादिल’ ही आणखी काही. मदिरा, प्रेयसी, म्हातारपण, मरण आणि देव या साऱ्यांना ते एकाच मैफलीत, एकाच थट्टेखोर सुरात घेत. मधुशाला होती ती शब्दांत. श्रोत्यांच्या हातात फार तर पान.

भाऊसाहेबांची मैफल हा गप्पांचाच प्रकार होता, आणि तिचं तंत्र वकिलाचं आहे असं मला वाटतं. पहिली ओळ टाकायची ती उलटतपासणीतल्या प्रश्नासारखी, साधी, निरुपद्रवी. श्रोत्याने मनात उत्तर तयार करावं, मान डोलवावी आणि चौथ्या ओळीला आपण पुरते सापडलो हे त्याच्या ध्यानात यावं. श्रोते ‘वाहवा’ करत, ‘पुन्हा’ म्हणत; ते पुन्हा म्हणत आणि या वेळी थांबा दुसरीकडे घेत. प्रश्न कोणी कोणाला विचारला हे सांगता येणार नाही अशी ती बरोबरी. आपल्या मरणावर आपणच हसणारा हा माणूस त्याच मातीतला, जिच्यावर पुढे मरणाची चौकशी चौकटीतून झाली. शंकर बडे यांनी ‘बॅरिस्टर गुलब्या’ हा एकपात्री प्रयोग वऱ्हाडीत रंगवला तोही याच गावरान हजरजबाबीपणावर. वऱ्हाडी माणूस पानठेल्यावर उभा राहिला की ‘काहून बाप्पा’ या दोन शब्दांत समोरच्याची झडती घेतो. त्याला बोलतं करायला कोणाची गरज नसते. त्याच्या बोलण्याची नोंद होणार आहे हे कळलं की मात्र तो शहरी मराठीत शिरतो, आणि तिथेच मुलाखत बिघडते.

साहित्य संमेलन यवतमाळला दोनदा झालं. १९७३ ला अध्यक्ष ग. दि. माडगूळकर. दुसरं, ९२ वं, ११ ते १३ जानेवारी २०१९ या काळात, अध्यक्ष अरुणा ढेरे. या दुसऱ्या खेपेला सन्मानाची पाहुणी बोलावून तिला येऊ नका म्हणून कळवण्यात आलं. इंग्रजीतल्या ज्येष्ठ लेखिका नयनतारा सहगल उद्‌घाटन करणार होत्या. इंग्रजी लेखिका कशाला, असा विरोध झाला, संमेलन उधळण्याची भाषा झाली आणि आयोजकांनी निमंत्रण मागे घेतलं. साहित्य महामंडळाचे अध्यक्ष श्रीपाद जोशी यांनी राजीनामा दिला. काही लेखकांनी बहिष्कार टाकला. सहगल यांचं न झालेलं भाषण वृत्तपत्रांतून आणि फोनांवरून इतक्यांनी वाचलं की झालेली किती भाषणं कोणी तेवढी वाचली असतील याची शंका आहे. अरुणा ढेरे यांनी अध्यक्षपदावरून या प्रकाराबद्दल नापसंती बोलून दाखवली, ते बरं झालं.

रिकाम्या जागेवर आयोजकांनी वैशाली येडे यांना बोलावलं. कळंब तालुक्यातलं राजूर हे त्यांचं गाव. नवऱ्याने २०११ मध्ये आत्महत्या केलेली, दोन मुलं, अंगणवाडीत मदतनिसाचं काम. यात आयोजकांची चतुराई होती: शेतकऱ्याच्या विधवेला कोण विरोध करणार? हा आक्षेप तेव्हाही घेतला गेला आणि तो खोटा नव्हता. पण बोलायला उभ्या राहिल्यावर येडे कोणाच्या चतुराईतल्या सोंगटीसारख्या बोलल्या नाहीत. वऱ्हाडीत बोलल्या. अडीनडीला दिल्लीची नाही, गल्लीतलीच बाई कामी येते, हे पाहुण्यांवरून झालेल्या वादाला त्यांनी दिलेलं उत्तर. पुढचा जन्म वगैरे नको, याच जन्मात लढायचं, हेही त्यांनी सांगितलं. लेखकांनी भरलेल्या त्या मांडवात जिल्ह्यातली उत्तर देणारी बाई पहिल्यांदाच प्रश्नाची वाट न बघता बोलत होती. तिला मधे तोडणारं कोणी नव्हतं, आणि पीत होता का, असं विचारणारंही.

त्यांना मंचाची ओळख होती. श्याम पेठकरांनी लिहिलेल्या आणि हरीश इथापेंनी बसवलेल्या ‘तेरवं’ या नाटकात शेतकऱ्यांच्या विधवा आणि लेकी स्वतःच कामं करतात, आणि येडे त्यातल्या एक. नाटकाची तालीम ही मुलाखतीपेक्षा वेगळी शिकवण देते असं दिसतं. मुलाखतीत बाई घडलेलं सांगते आणि संपते. तालमीत तीच गोष्ट वीसदा सांगावी लागते. कुठे थांबायचं, कुठे हसायचं, कोणत्या वाक्याला प्रेक्षकाकडे रोखून पाहायचं, ते तिचं तीच ठरवते. विसाव्या खेपेला ती गोष्ट तिच्या मालकीची झालेली असते.

संमेलनाला तीन महिने होत होते तेव्हा, ११ एप्रिल २०१९ रोजी, यवतमाळ-वाशीम मतदारसंघात लोकसभेचं मतदान झालं. प्रहार पक्षाच्या उमेदवार म्हणून वैशाली येडे उभ्या होत्या. शिवसेनेच्या भावना गवळी निवडून आल्या, काँग्रेसचे माणिकराव ठाकरे दुसरे. प्रचारात येडे गावोगाव फिरल्या ते मत मागायला, म्हणजे या वेळी लोकांच्या ओट्यावर पाहुणी होऊन बसणारी आणि विचारणारी बाई जिल्ह्यातलीच होती.