समांतर विश्वातील साम्राज्य

समांतर विश्वातील साम्राज्य : विज्ञानकथेतील एक रूढ कल्पनाबंध. आपल्या विश्वाला समांतर असे दुसरे एक विश्व अस्तित्वात आहे, तेथे बहुतांशी हीच माणसे व हीच गावे आहेत. परंतु इतिहासाने एखाद्या वळणावर निराळी वाट धरल्यामुळे तेथील राज्यसत्ता निराळी आहे, अशी ही कल्पना होय. भविष्यकालीन साम्राज्याच्या कथेहून ही कथा वेगळी असते. आयझॅक ॲसिमॉव्ह याच्या ‘फाउंडेशन’ कथामालेतील आकाशगंगाव्यापी साम्राज्य हे आपल्याच विश्वातील दूरच्या भविष्यातले आहे. समांतर विश्वातील साम्राज्य मात्र आपल्या वर्तमानाच्या किंवा आपल्याच भविष्याच्या शेजारी उभे असते आणि त्यामुळे तुलना अटळ ठरते.

या प्रकारच्या आरंभीच्या कथांत साम्राज्याला फारसे स्थान नव्हते. एच. जी. वेल्स याच्या ‘मेन लाइक गॉड्स’ (१९२३) या कादंबरीत अपघाताने समांतर विश्वात गेलेली माणसे एका आदर्श समाजात जाऊन पोहोचतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या कल्पनेला काळी छटा आली. फिलिप के. डिक याच्या ‘द मॅन इन द हाय कॅसल’ (१९६२) या कादंबरीत जर्मनी व जपान विजयी झाले असून अमेरिका त्यांच्या ताब्यात आहे. क्रूर आंतरतारकीय साम्राज्याचे सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकेतील ‘मिरर, मिरर’ या भागात आढळते. जेरोम बिक्स्बी याने लिहिलेला हा भाग ६ ऑक्टोबर १९६७ रोजी प्रक्षेपित झाला. मूळ मालिकेत पृथ्वीवासी हे अनेक ग्रहांच्या शांतताप्रिय संघराज्याचे घटक आहेत. या भागात कप्तान कर्क व त्याचे तीन सहकारी यंत्रातील बिघाडामुळे दुसऱ्या विश्वातील आपल्याच यानावर जातात, तेव्हा तेथे संघराज्याच्या जागी साम्राज्य असल्याचे त्यांना दिसते. या साम्राज्यात वरिष्ठाचा खून हाच बढतीचा मार्ग असतो. कर्कच्या प्रतिरूपालाही कप्तानपद असेच मिळालेले आहे. यातना देणारे उपकरण प्रत्येक खलाशाने स्वतःच्या अंगावरच बाळगायचे असते. आपल्या ग्रहावरील खनिज देण्यास नकार देणाऱ्या शांतताप्रिय जमातीचा समूळ नाश करावा, अशी वरून आज्ञा असते. ‘टेरन साम्राज्य’ हे त्याचे नाव पुढील मालिकांत रूढ झाले.

येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट म्हणजे साम्राज्याच्या क्रौर्याविरुद्ध कर्क जो युक्तिवाद करतो तो नीतीचा नसून हिशेबाचा आहे. हे साम्राज्य सुमारे २४० वर्षांत उलथून पडेल, असा अंदाज तेथील स्पॉक स्वतःच सांगतो. मग अशा व्यवस्थेसाठी आज माणसे मारणे हा अपव्यय नव्हे काय, असे कर्क त्याला विचारतो. १९९४ मध्ये ‘डीप स्पेस नाइन’ या मालिकेने ही कथा पुढे नेली. तीत स्पॉकने केलेल्या सुधारणांमुळे साम्राज्य दुबळे झाले, शेजारच्या सत्तांनी ते जिंकले व पृथ्वीवासी गुलाम बनले, असे दाखविले आहे. सुधारणेची इतकी कडू किंमत लोकप्रिय मालिकेत क्वचितच दाखविली जाते. २००५ मधील ‘एंटरप्राइज’ मालिकेच्या दोन भागांत या विश्वातील एक जुना प्रसंग येतो. परग्रहावरील पहिला पाहुणा पृथ्वीवर उतरतो, तेव्हा आपल्या विश्वात त्याचे स्वागत होते. त्या विश्वात त्याला गोळी घातली जाते.

एका गोळीने विश्वाची वाट बदलावी, ही कल्पना मराठी वाचकाला परकी वाटण्याचे कारण नाही. जयंत विष्णु नारळीकर (१९३८–२०२५) यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचा आधार अशीच एक गोळी आहे. नारळीकरांचा जन्म १९ जुलै १९३८ रोजी कोल्हापूर येथे झाला. त्यांचे बालपण व शिक्षण वाराणसीत व पुढील शिक्षण केंब्रिज येथे झाले. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या रणांगणावर विश्वासराव गोळी लागून पडले आणि मराठी फौजेचा धीर सुटला, हा इतिहास. कथेत ही गोळी विश्वासरावांना चाटून जाते, फौजेचा उत्साह दुणावतो व अहमदशाह अब्दालीचा पराभव होतो. अपघातामुळे त्या विश्वात गेलेले इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे मुंबईच्या ग्रंथालयात हा इतिहास वाचून काढतात.

या स्थित्यंतराचे स्पष्टीकरण नारळीकरांनी दोन शास्त्रीय कल्पनांच्या आधारे दिले आहे. कॅटॅस्ट्रफी सिद्धांतानुसार एखाद्या व्यवस्थेतील अल्पसा बदल तिची गती एकदम दुसऱ्याच दिशेला नेऊ शकतो. पुंज यामिकीनुसार अणुगर्भाभोवतीचा इलेक्ट्रॉन कोठे असेल हे निश्चित सांगता येत नाही. केवळ संभाव्यता सांगता येते. प्रत्येक शक्यता कोणत्या तरी विश्वात प्रत्यक्षात येते, असे मानणारी मांडणी ह्यू एव्हरेट याने १९५७ मध्ये केली होती. मात्र अशा विश्वांचा निरीक्षणात्मक पुरावा मिळालेला नाही व एका शाखेतून दुसरीत जाण्याची वाट या सिद्धांतात नाही. ती वाट लेखकाने कथेपुरती उघडली आहे.

पानिपतच्या विजयानंतरच्या साम्राज्याचे नारळीकरांनी रेखाटलेले चित्र टेरन साम्राज्याच्या अगदी उलट आहे. ईस्ट इंडिया कंपनी मुंबई, कलकत्ता व मद्रासच्या आसपास सीमित होते. दिल्लीची बादशाही राजकीय सोयीसाठी नामधारी स्वरूपात टिकते. पुण्याचे राज्यकर्ते यूरोपातील तंत्रयुगाची चाहूल ओळखून विज्ञानाची केंद्रे काढतात आणि विसाव्या शतकात पेशव्यांची जागा लोकनियुक्त संस्था घेतात. मुंबई तेवढी १९०८ च्या कराराने इंग्रजांकडे भाडेपट्ट्याने आहे. तो २००१ मध्ये संपावयाचा आहे. पाश्चात्त्य कथेत समांतर विश्व हे भीतीचे स्थान असते व तेथून परत आल्यावर माणूस निःश्वास सोडतो. येथे ते सांत्वनाचे स्थान आहे. ज्या समाजाने परकी साम्राज्य प्रत्यक्ष भोगले, त्याला क्रूर विश्व कल्पनेत शोधावे लागत नाही. ते त्याला इतिहासातच मिळते, असा याचा अर्थ घेता येतो.

या सांत्वनालाही एक बाजू आहे आणि ती कथेत आलेली नाही. अठराव्या शतकातील मराठी सत्तेचा विस्तार सर्वांना सारखा दिसला नाही. १७४२ ते १७५१ या काळात नागपूरकर रघूजी भोसले यांच्या फौजांनी बंगालवर वारंवार स्वाऱ्या केल्या. अखेरीस नबाब अलीवर्दीखानाने वार्षिक १२ लाख रुपये चौथाई व ओरिसाचा (आताचे ओडिशा) प्रदेश देऊन तह केला. त्या स्वाऱ्यांतील जाळपोळ व अत्याचारांचे वर्णन गंगाराम या कवीच्या ‘महाराष्ट्रपुराण’ या बंगाली काव्यात आले असून ‘बर्गी’ हा शब्द तेथील अंगाईगीतांत भयवाचक म्हणून राहिला. पानिपत जिंकलेल्या विश्वाचा इतिहास बंगाली लेखकाने लिहिला असता, तर तो कदाचित ‘मिरर, मिरर’च्या अधिक जवळ गेला असता.

खुद्द महाराष्ट्रातही ‘आपले साम्राज्य’ या शब्दांचा अर्थ सर्वत्र एक नव्हता, हे नारळीकरांच्या जन्मगावावरूनच दिसते. शिवाजी पेठेतील तालमी व तेथील शिवजयंतीचा उत्साह पाहणाऱ्याला मराठी सत्तेचा अभिमान येथे एकजिनसी वाटण्याचा संभव आहे. परंतु कोल्हापूरची गादी ताराबाईंच्या काळापासून साताऱ्याहून वेगळी होती व १७३१ च्या वारणेच्या तहाने ही विभागणी कायम झाली. पुण्याच्या बाजूने लढणाऱ्या पटवर्धनांशी करवीरकरांचे दीर्घकाळ वैर होते. १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत परशुरामभाऊ पटवर्धन कोल्हापूरच्या फौजेकडून मारले गेले आणि त्यानंतर कोल्हापूरला वेढा पडला. १८१२ मध्ये कोल्हापूरने मालवणचे बंदर देऊन व चिकोडी-मनोळीवरील हक्क सोडून इंग्रजांशी तह केला, तो शेजाऱ्यांपासून संरक्षणाची हमी मिळविण्यासाठी. पेशव्यांचे साम्राज्य अबाधित राहिलेल्या विश्वात या गादीचे काय झाले असते, हा प्रश्न गंगाधरपंतांनी चाळलेल्या खंडांत कोठे आला असता, तर कथेचा शेवट इतका निश्चिंत राहिला नसता.

तथापि कथेला उपरोधाचे भान नाही असे म्हणता येत नाही. गंगाधरपंतांनी आतापर्यंत ९९९ सभांचे अध्यक्षस्थान भूषविलेले असते. त्या विश्वात आझाद मैदानावर चाललेल्या सभेत अध्यक्षाची खुर्ची रिकामी पाहून ते सवयीने तिच्यावर जाऊन बसतात. अध्यक्षीय भाषणांचा उबग येऊन ही प्रथाच मोडीत काढलेले तेथील श्रोते त्यांना उतरण्यास सांगतात. ते ऐकत नाहीत, तेव्हा टोमॅटो व अंडी यांचा मारा होतो आणि शेवटी लोक व्यासपीठावर धावून जातात. स्वतंत्र राहिलेल्या देशाने मिळविलेल्या मोकळेपणाचा पहिला फटका अशा रीतीने त्या स्वातंत्र्याचे कौतुक करणाऱ्या इतिहासकारालाच बसतो. परतल्यावर त्यांच्या खिशात बखरीचे एक पान सापडते, तेवढाच पुरावा. पानिपतावरील परिसंवादाचे अध्यक्षपद ते नाकारतात. या कथेचे ‘द ॲडव्हेंचर’ हे इंग्रजी रूप राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाल्याने ती मराठीबाहेरील विद्यार्थ्यांपर्यंतही पोहोचली.